गाज बंद होत नाही

"दादा, तुझ्याकडे ट्रायपॉड असा मां?"

असा प्रश्न कोणी विचारला की आयटीवाल्या माणसाच्या अंगात काहीतरी संचारतं. सुट्टी, समुद्र, ताटातलं सुरमईचं कालवण सगळं विसरून तो बॅग उचकायला लागतो. माझंही तेच झालं. गेल्या डिसेंबरातली गोष्ट. मी दोन दिवस रजा टाकून, लॅपटॉप सोबत घेऊन (म्हणजे ती रजा नव्हेच, पण असो) मावशीकडे तारकर्लीला आलो होतो. शुक्रवारी रात्री पावणेदहाच्या सुमारास मावसभावाच्या फोनवर मेसेज आला होता. एका वेब सिरीजसाठी ऑडिशनचा व्हिडिओ पाठवायचा. रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. सोबत तीन पानांचा प्रसंग आणि खाली सूचना: आडवी फ्रेम, मागे साधी भिंत, प्रकाश चांगला, आवाज स्वच्छ, सुरुवातीला नाव, वय, उंची, दोन्ही बाजूंनी चेहरा. आणि शेवटची ओळ: 'व्हिडिओ प्रोफेशनल असावा.'

त्या एका शब्दाने आमचा वीकांत खाल्ला. आज जे लिहितोय ते त्याच शब्दाबद्दल.

आधी भावाबद्दल थोडं. नाव लिहू नको म्हणालाय, म्हणून नाही लिहीत. वय चोवीस. दिवसा घरच्या होमस्टेच्या चार खोल्या सांभाळतो, सीझनमधे पर्यटकांना बोटीपर्यंत नेऊन सोडतो, आणि कार्तिक महिन्यापासून जत्रा सुरू झाल्या की एका हौशी मंडळात दशावतार करतो. स्त्रीपार्ट. ज्यांनी दशावतार कधी पाहिलाच नाही अशा पुण्यामुंबईच्या मंडळींसाठी सांगतो, दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कोण कुठली भूमिका करणार ते ठरतं, आणि मग रात्रभर संवाद तिथल्या तिथे रचत जायचे. समोरचा काय बोलेल ते माहीत नाही, त्याला उत्तर द्यायचं. साथीला पेटी, मृदंग, झांज. रंग आपला आपण लावायचा. पहाटे दहीकाला झाला की साडी-दागिने पेटाऱ्यात, आणि हा सकाळी आठला पाहुण्यांना घावणे वाढायला हजर!

म्हणजे तीन-चारशे माणसांसमोर रात्रभर उभं राहून बोलणाऱ्या पोराला दोन मिनिटांचा व्हिडिओ करायचा होता. मला वाटलं, तासाभराचं काम.

(हे वाक्य मी प्रत्येक स्प्रिंटच्या पहिल्या दिवशी म्हणतो. तिथेही ते खरं ठरलेलं नाही.)

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. तारकर्ली-देवबागचा भूगोल माहीत असेल तर अडचण लगेच कळेल. इथे जमिनीची एक लांबट पट्टी आहे, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि देवबागच्या टोकाला दोन्ही एकत्र येतात. मधे माड, त्यांत घरं. घरात कुठेही उभे राहा, गाज येतेच. फोनवर आवाज मोजायचं ऍप टाकलं तर बंद खोलीत आकडा पन्नाशीच्या आसपास. त्यात स्कूबाच्या बोटींची इंजिनं, मासेवाल्याचा भोंगा, आणि शेजारच्या होमस्टेतल्या पाहुण्यांचा ब्लूटूथ स्पीकर. कावळे तर गृहीतच धरा.

इथून पुढे मी जे केलं ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, आणि कोणाला उपयोग होईल म्हणून सांगूनही टाकतो. फोनचा मागचा कॅमेरा वापरायचा, सेल्फीचा नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. चेहऱ्यावर बोट दाबून फोकस आणि एक्स्पोजर लॉक करायचं, नाहीतर मान हलवली की चित्र उजळतं-काळवंडतं. ट्यूबलाईट शक्यतो नकोच, खिडकीसमोर तोंड करून उभं राहायचं. लावलीच तर एक गंमत लक्षात ठेवा. आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते आणि 30 फ्रेमला शूट केलं की व्हिडिओत काळे पट्टे सरकताना दिसतात. शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की जातात. आवाजासाठी महागडा माइक लागत नाही, माइक जवळ लागतो. तोंडापासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज 6 डेसिबलने वाढतो आणि गाज आहे तिथेच राहते. म्हणून मी दुसरा फोन रेकॉर्डर चालू करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला, सुरुवातीला एक टाळी वाजवायला लावली आणि नंतर त्या टाळीवर दोन्ही फायली जुळवल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तयार व्हिडिओ व्हॉट्सऍपवर पाठवायचा तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो चिरडून त्याचा भुगा करून पोचवला जातो.

भिंत पोपटी होती. कोकणातली भिंत ती, पोपटी नाहीतर गुलाबी. मावशीने कपाटातून निळा पलंगपोस काढून दिला, तो इस्त्री करून खिळ्यांना लावला. काकांना पंखा बंद, फ्रीज बंद, मोटर बंद अशा ऑर्डरी सोडल्या. काका काही बोलले नाहीत, पण डिसेंबरातल्या शनिवारी चारही खोल्या भरलेल्या असताना फ्रीज बंद करायला सांगणारा भाचा त्यांना किती प्रिय वाटला असेल ते मी समजू शकतो :)

आणि मग तो बोलायला लागला.

प्रसंग असा होता: किनाऱ्यावरचं गाव, बाप वडिलोपार्जित जमीन रिसॉर्टवाल्याला विकायला निघालाय, मुलगा विरोध करतोय. लिहिलेला होता पुस्तकी प्रमाण मराठीत. "बाबा, ही फक्त जमीन नाही, ही आपली ओळख आहे" अशा थाटाची वाक्यं. सूचनेत वर लिहिलेलं, 'भाषा न्यूट्रल ठेवावी.' आता न्यूट्रल मराठी म्हणजे कुठली हो? गाडीच्या गिअरला न्यूट्रल असतं. भाषेला कसं असेल? ज्याला आपण न्यूट्रल म्हणतो ती कोणाच्या तरी घरची बोलीच असते, फक्त त्या घरच्यांना तसं वाटत नाही. पण तेव्हा हे काही मला सुचलं नाही. मी बापाची वाक्यं वाचत होतो, एक डोळा फोनच्या हिस्टोग्रामवर ठेवून, आवाजाची पट्टी लाल होत नाही ना बघत. म्हणजे बस कंडक्टर तिकिटं फाडतो तशी वाक्यं फाडत होतो.

पाच टेक. आठ टेक. दर वेळी तो जरा जास्तच ताठ. "दादा, ह्या असा कोण बोलता रे? माझी जीभच वळणा नाय," असं एकदा म्हणाला. मी म्हटलं, जमेल, थोडं हळू बोल, आणि उजवीकडे सरक, सावली पडतेय.

बाराव्या टेकला मासेवाल्याचा भोंगा. तेराव्याला माडावरून नारळ पडला. संध्याकाळी उजेड गेला आणि रात्री त्याची जत्रा होती, तो गेला. राहिलेलं उद्या.

इथे थांबून जरा 'सेल्फ टेप' या प्रकाराबद्दल माझं मत सांगतो, कारण हे लिहायला घेतलं ते त्यासाठीच.

मी या प्रकाराच्या विरोधात नाही. उलट. पूर्वी तारकर्लीच्या पोराला ऑडिशन द्यायची तर कुडाळहून रात्रीची कोकणकन्या पकडायची, लालबाग नाहीतर भांडुपच्या नातेवाइकांकडे पथारी टाकायची, लोकलने अंधेरी, तिथून वर्सोव्याला आरामनगरच्या गल्लीत रांगेत उभं राहायचं, आणि दोन मिनिटांनी "कळवतो" ऐकून परत. तीन दिवस आणि सीझनमधले तीन दिवसांचे पाहुणे. 2020 मधे कोविडमुळे सगळंच बंद पडलं तेव्हा घरून व्हिडिओ पाठवायची पद्धत सर्रास झाली आणि नंतर तशीच राहिली. चांगलंच झालं. दार घराजवळ आलं.

पण दार उचलून आणताना त्याचं भाडंही आपल्याच अंगणात आणून ठेवलंय, ते कोणी बोलत नाही. पूर्वी खोली त्यांची होती, दिवे त्यांचे, कॅमेरा त्यांचा, समोरची वाक्यं वाचणारा माणूस त्यांचा. आता हे सगळं उमेदवाराने आणायचं. आपल्या धंद्यात नोकरीच्या मुलाखतीआधी 'छोटीशी असाइनमेंट' देतात ना, दोन-तीन तासांची म्हणून, आणि तिच्यात आख्खा शनिवार-रविवार जातो? अगदी तसंच. आणि केलेलं कोणी उघडून पाहिलं की नाही हे कळायला मार्ग नाही तेही तसंच. पुन्हा आपल्याला निदान महिन्याच्या महिन्याला पगार चालू असतो.

अमेरिकेत यावर निदान भांडण तरी झालं. 2023 मधे तिथल्या कलाकारांच्या सॅग-आफ्ट्रा संघटनेने 118 दिवस संप केला. गाजला तो एआय आणि स्ट्रीमिंगच्या पैशांवरून, पण शेवटी जो करार झाला त्यात सेल्फ टेपचे नियमही आले: पहिल्या फेरीला 8 पानांपेक्षा जास्त मजकूर द्यायचा नाही, आणि व्हिडिओसाठी किमान 48 तास द्यायचे. 48 तास! आम्हाला 44 मिळाले होते, त्यात एक जत्रा. आपल्याकडच्या निर्मात्यांनी लगेच करार करावा अशी माझी भाबडी अपेक्षा नाही. पण 'फोनवर काढलेला चालेल, घरातले आवाज आले तरी चालतील' एवढं एक वाक्य मेसेजमधे लिहायला काय पैसे पडतात? 'प्रोफेशनल' लिहायच्या ऐवजी? तो शब्द वाचला की लांबच्या गावातली मुलं रिंगलाईट मागवतात, कोणी तालुक्याच्या फोटो स्टुडिओत जाऊन पैसे मोजतं. ज्याच्या घरात शांत रिकामी खोली आहे तो पहिल्याच फेरीत अर्धा पुढे. यात अभिनयाचा संबंध कुठे आला?

आणि खरं तर निवडणाऱ्यांनाही हे माहीत असणारच. 'सैराट'ची रिंकू राजगुरू नागराज मंजुळेंना अकलूजला भेटली. 'कोर्ट'मधला लोकशाहीर नारायण कांबळे वीरा साथीदारांनी केला, ते नागपूरचे कार्यकर्ते, व्यावसायिक नट नव्हेत. यातलं कोणीही स्वच्छ आवाजाच्या जोरावर आलेलं नाही. समोर जाऊन शोधणाऱ्याला माणूस दिसला. व्हिडिओत शोधणाऱ्यालाही दिसू शकतो, पण मग त्याने पलंगपोसाच्या सुरकुत्या बघू नयेत.

तर रविवार. भाऊ पहाटे आला, दोन तास झोपला, उठला तर पापण्यांच्या कडेला काजळ तसंच. ते पुसण्यात वीस मिनिटं. दहाला सुरू केलं. सतरावा टेक बरा आला. आवाज स्वच्छ, उजेड छान, एकही शब्द चुकला नाही. मी म्हटलं, झालं!

तो म्हणाला, "आजून एक करूया. तू नको वाचू. बाबांका सांग."

काका पडवीत सोलं निवडत बसले होते. आधी नको नको म्हणाले. मग चष्मा लावून कागद घेतला, दोन ओळी वाचल्या, आणि कागद मांडीवर ठेवून दिला. मी रेकॉर्डिंग चालू केलं होतं. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, "विकूची नाय तर काय करूची? तुझ्या नाटकात घालू?"

हे कागदावर नव्हतं.

एक गोष्ट मी अजून सांगितली नाही. काकांच्या घरामागे माडांची एक पट्टी आहे. तिला दोन वर्षांपासून गिऱ्हाईक येतंय. घरात तो विषय कोणी काढत नाही.

भाऊ दोन सेकंद काहीच बोलला नाही. मग बोलला तो मालवणीत. "आजयेन लावलेले माड आसत थय, बाबा." आवाज चढवला नाही. हात हलवले नाहीत. जत्रेत मी त्याला द्रौपदी करताना पाहिलंय, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला ऐकू जाईल असं बोलतो तो. इथे इतकं हळू बोलला की खिशातल्या फोनशिवाय ते पकडता आलं नसतं. मग दोघं बोलत गेले, तीन मिनिटं, प्रसंग जिथे संपतो तिथेच येऊन थांबले. दशावतारातच जमतं हे, शेवट कुठे आहे ते ठाऊक असतं आणि वाट चालता चालता करायची असते. मधे आतून मावशीचा आवाज आलाय, "जेवक येतास मां रे?" आणि मागे गाज आहे. भरपूर आहे.

दुपारी तीनला आम्ही दोघं लॅपटॉपसमोर बसलो. व्हिडिओ एकच पाठवायचा होता. तो म्हणाला, दुसरा पाठवूया. मी म्हटलं, सूचना वाच. तीन पानांतलं अर्धं अधिक तू बोललाच नाहीयेस. भाषा न्यूट्रल नाही. काका फ्रेममधे अर्धे आलेत. मावशीचा आवाज आहे. गाज काढायला गेलो तर नॉईज फिल्टर 'स' आणि 'श' पण खातोय. हे प्रोफेशनल दिसत नाही रे. पहिल्या फेरीतच काढून टाकतील.

मी हे सगळं इतक्या खात्रीने बोललो, की कोणाला वाटावं आयुष्य कास्टिंगमधेच गेलंय. प्रत्यक्षात मी बॅकएंडला जावा लिहितो. पण पुण्याहून आलेल्या, लॅपटॉपवर वेव्हफॉर्म उघडून बसलेल्या दादाचं म्हणणं कोण मोडणार? तो म्हणाला, "तुका ठीक वाटता तर तोच धाड." सतरावा टेक गेला. सहाला पंचवीस मिनिटं बाकी असताना, डॉक्युमेंट म्हणून, पूर्ण रेझोल्यूशनमधे.

उत्तर आलं नाही. नकारही नाही. आता जवळपास वर्ष होत आलंय.

दुसरा पाठवला असता तर काम मिळालं असतं असं मी म्हणत नाही. कदाचित तोही कोणी उघडला नसता. पण सतरावा टेक मी पुन्हा पाहिला तेव्हा त्यात मला माझा भाऊ कुठे दिसलाच नाही. निळ्या पलंगपोसासमोर उभा असलेला, व्याकरण न चुकणारा कोणीतरी मुलगा दिसला. जे मोजता येत होतं ते सगळं मी सुधारलं होतं. डेसिबल, लक्स, फ्रेम रेट. काकांचं वाक्य कशात मोजणार?

गंमत बघा, मालवणी रंगभूमीचं सगळ्यात गाजलेलं नाटक याच गोष्टीवर उभं आहे. गंगाराम गवाणकरांचं 'वस्त्रहरण', 1980 मधे आलं, मच्छिंद्र कांबळींनी त्याचे हजारो प्रयोग केले. गावातली मंडळी महाभारतावरचं नाटक बसवतात, भरजरी भाषेत बोलायला जातात आणि दर चार वाक्यांनी मालवणीवर येऊन आदळतात. प्रेक्षक हसतात ते त्या आदळण्याला, पण जीव लावतात त्या माणसांना. मी कॉलेजात असताना ती सीडी तीन वेळा पाहिलीय. आणि तरीही घरात हुबेहूब तोच प्रसंग समोर घडत असताना मी भरजरी भाषेच्या बाजूने उभा राहिलो. याला काय म्हणावं!

आणि मालवणी चालत नाही असंही नाही. 2016 मधे 'रात्रीस खेळ चाले' आली, सावंतवाडीजवळ आकेरीत शूट झाली, आणि तिच्यातलं बोलणं पार विदर्भापर्यंत लोकांनी उचललं. 2025 मधे 'दशावतार' चित्रपट आला, दिलीप प्रभावळकरांना त्यात पाहायला लोकांनी थेटरात गर्दी केली. म्हणजे पडद्यावर ही भाषा, हे माड, ही जत्रा सगळं हवंय. फक्त तिथपर्यंत जाणारा रस्ता न्यूट्रल मराठीतून काढलेला. हे मला तरी कळलेलं नाही. आणि त्या रस्त्यावर पहारेकरी म्हणून आमच्यासारखे घरचेच उभे, हे तर त्याहून वाईट.

मागच्या महिन्यात भावाला अजून एक मेसेज आला. वेगळी मंडळी, वेगळी भूमिका, छोटीच. (पैसे मागितलेत का ते मी आधी विचारलं. ऑडिशनचे पैसे मागणारा भामटाच समजावा.) मी पुण्यात होतो. फोनवर त्याला म्हटलं, हवं तर मी येतो, माइक घेतलाय नवा.

म्हणाला, "नको दादा. बाबा वाचतले." मग जरा थांबून, "ट्रायपॉड मातर ठेवून गेल्लंस तो बरा झाला."

माडांच्या पट्टीचं काय झालं ते मी विचारलं नाही. त्याने पाठवलेला व्हिडिओ काल पाहिला. भिंत पोपटीच आहे.